पाण्यातील चिवट रसायने कशी ओळखतात?

पाण्याचा तपासणी अहवाल 'पिण्यास योग्य' असा आला की आपण निर्धास्त होतो. परंतु अहवाल फक्त विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. क्षार व नायट्रेट जास्त निघाले, पण तेवढ्याने टक्कल का पडावे, याचा उलगडा होईना. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त व गहू तपासून सेलेनियमकडे बोट दाखविले. म्हणजे जे शोधावे तेच सापडते.

अशीच सहसा न शोधली जाणारी रसायने म्हणजे 'पीफास'. कार्बन व फ्लोरिन यांच्या अतिशय घट्ट बंधातून माणसाने ती तयार केली. ऊन, पाऊस, जंतू यांपैकी कशानेही हा बंध सहजी तुटत नाही, म्हणून त्यांना चिवट रसायने म्हणावयास हरकत नाही. नॉनस्टिक भांडी, पाणी न शिरणारे कापड, तेल न झिरपणारा कागद, आग विझविण्याचा फेस अशा वस्तूंसाठी ती वापरली गेली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड वेगळे आणि ही रसायने वेगळी. फ्लोराइड खडकातून येते, त्याने दातांवर डाग पडतात, हाडे वाकतात. त्याची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून साध्या तपासणीत ते कळते. पीफास त्या तपासणीत मुळीच दिसत नाही. अमेरिकेने २०२४ साली पीएफओए व पीएफओएस या दोन पीफास रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरविली. दहा हजार लिटरचे पंचवीस हजार टँकर भरले आणि त्या सगळ्यात मिळून १ ग्रॅम रसायन टाकले, तर हे प्रमाण होते!

इतके सूक्ष्म प्रमाण पकडतात तरी कसे? नमुना विशिष्ट प्लॅस्टिकच्या बाटलीत घेतात. बाटलीच्या झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर चालत नाही, कारण त्यातूनच भेसळ व्हायची. पाणी एका शोषक नळीतून सोडले की रसायने तिच्यात अडकतात. मग ती थोड्याशा द्रवात उतरवून घेतात. पुढे क्रोमॅटोग्राफी यंत्रात ती एकमेकांपासून वेगळी होतात व शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक रेणूचे वजन पाहतो. पीएफओएचा विद्युतभारित रेणू ४१३ वजनाचा दिसतो. तो फोडला की ३६९ वजनाचा तुकडा मिळतो. दोन्ही खुणा जुळल्या आणि रसायन ठरल्या वेळी बाहेर पडले, म्हणजे ओळख पटली. मात्र पीफासचे हजारो प्रकार आहेत आणि यंत्रात ज्यांची खूण आधी भरली आहे, तेवढेच या पद्धतीने ओळखता येतात. म्हणून काही प्रयोगशाळा सेंद्रिय फ्लोरिनचे एकूण प्रमाणही मोजतात. त्यावरून न ओळखलेले किती उरले, याचा अंदाज येतो.

हे सर्व कशासाठी? इटलीत ट्रिसिनो येथील मितेनी कारखान्यामुळे भूजल दूषित झाल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा तो प्रश्न होता. कारखाना २०१८ साली दिवाळखोरीत निघाला आणि जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरविले. त्याची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑरगॅनिक या कंपनीच्या उपकंपनीने २०१९ साली विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुराम येथे आणली. यंत्रे आली म्हणजे प्रदूषण झालेच, असे मुळीच नाही. पण झाले की नाही, हे वर सांगितलेल्या तपासणीनेच कळेल. भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकांत या रसायनांची मर्यादाच दिलेली नाही, त्यामुळे गावोगावच्या नेहमीच्या तपासणीत ती पाहिली जात नाहीत.

पीएफओए शरीरात गेल्यावर निम्मे कमी व्हायलाही काही वर्षे लागतात. अमेरिकेत दूषित पाणी प्यालेल्या सुमारे ६९ हजार लोकांची पाहणी झाली. त्यात मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा व्रणयुक्त दाह, वाढलेले कोलेस्टेरॉल व गरोदरपणातील रक्तदाब यांच्याशी पीएफओएचा संबंध आढळला. २०२३ साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक ठरविले.

आपण काय करावे? घाबरून जाण्याचे कारण नाही. पाणी उकळून जंतू मरतात, पण ही रसायने जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. तुरटी व क्लोरीन यांचाही येथे उपयोग नाही. आर.ओ. यंत्र किंवा चांगला कोळशाचा फिल्टर त्यांचे प्रमाण कमी करतो, मात्र कोळसा वेळच्या वेळी बदलावा लागतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापवत ठेवू नये.

आणि ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना पाठविला, तर 'योग्य की अयोग्य' एवढेच न विचारता, काय काय तपासले व काय तपासले नाही, हेही अवश्य विचारावे.