नांगरटीतलं नाणं

सप्टेंबरात इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफक परगण्यात गव्हाची कापणी उरकलेली असते. शेतात वीतभर धसकटं उरतात आणि पुढच्या पेरणीला अजून थोडा अवकाश असतो. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींचा हा हंगाम. शनिवारी सकाळी गमबूट, हेडफोन, छोटं फावडं आणि जेवणाचा डबा घेऊन ती शेताच्या कडेला जमतात. लांबून पाहणाऱ्याला हा गुप्तधनाचा नाद वाटेल. पण यातल्या जाणत्या माणसाला विचारा. सापडलेल्या वस्तूआधी तो ती कुठे सापडली हे सांगेल.

खरी तयारी आधीच्या आठवड्यात होते. शेतातून सार्वजनिक पायवाट जात असली तरी तिथे यंत्र चालवायचा हक्क मिळत नाही, शेतमालकाची परवानगी लागतेच, आणि ती लेखी असलेली बरी. मौल्यवान काही निघालं तर निम्मं-निम्मं, असा करार बहुधा त्याच कागदावर होतो. संरक्षित स्मारकांच्या जागी सरकारी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं 1979च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून नकाशा तपासूनच शेत ठरवायचं.

आता यंत्राकडे वळू. दांड्याच्या टोकाला थाळीसारखी चकती असते. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला जातो, त्यामुळे खालच्या मातीत सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे फिरू लागतात आणि ते स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. दुसरं वेटोळं अशा बेताने बसवलेलं असतं की पहिल्याचा परिणाम त्याच्यात जवळपास शून्य होतो, त्यामुळे धातूकडून आलेली ही कुजबुज त्याला ऐकू येते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने 1881 साली याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. गादीखालच्या पोलादी तारांनी यंत्राला गोंधळवलं, डॉक्टरांचा भर शरीराच्या उजव्या बाजूवर होता, आणि गोळी काही सापडली नाही.

धातूचं उत्तर किंचित उशिरा येतं. हा उशीर किती, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. चांदी-तांब्याच्या जाड तुकड्याला उंच, स्वच्छ सूर मिळतो आणि लोखंडाला खालचा, घोगरा. अडचण मधल्या पट्ट्यात आहे. सोन्याची पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची अॅल्युमिनियमची कडी जवळजवळ सारख्याच बोलतात. कचरा टाळायचा म्हणून तो पट्टा बंद केला तर सोनंही हातचं जातं. म्हणून अनुभवी मंडळी निमूटपणे कड्या उकरत राहतात. मातीतही खनिजं असतात, त्यामुळे काम सुरू करण्याआधी स्वच्छ जागी चकती वर-खाली करून यंत्राला त्या मातीची ओळख करून द्यावी लागते.

मग चालणं. चकती जमिनीला समांतर आणि जवळ ठेवायची, दोन्ही टोकांना ती उचलली जाऊ द्यायची नाही, आणि प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीचा थोडा भाग झाकायचा. घाई केली की मधल्या पट्ट्या सुटतात. सूर आला की थांबायचं, त्याच जागेवरून उलट फिरवायचं, मग काटकोनात वळून पुन्हा. दोन्ही दिशांनी तोच सूर आला तर खणायला हरकत नाही. एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने फुटका आवाज आला, तर बहुधा खाली गंजका खिळा असतो.

लहान नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळतं, आणि नांगरही जवळजवळ तेवढाच जातो. या छंदाचा सगळा नैतिक आधार या योगायोगावर उभा आहे, असं मला वाटतं. नांगराने ढवळलेल्या थरातली वस्तू मूळ जागेवरून आधीच हललेली असते. ती खतांनी आणि यंत्रांनी झिजण्यापेक्षा बाहेर येऊन नोंदली गेलेली चांगली. त्याखालची माती मात्र अजून जशीच्या तशी आहे. तिथे फावडं घालायचं नाही.

दिवसभरात बहुतेकांच्या पिशवीत शिशाच्या गोळ्या, बटणं, घोड्याच्या साजाची बक्कलं आणि झिजलेली रोमन तांब्याची नाणी जमतात. भाग्य असेल तर मध्ययुगीन चांदीची पेनी मिळते. तिच्या एका बाजूवर क्रूस असे, आणि सुटे हवे असले की त्याच रेषेवर नाणं कापून अर्धं किंवा पाव करत. असे कापलेले तुकडे शेतात आजही मिळतात.

आणि कधी नाणी एकामागोमाग एक येऊ लागतात. 16 नोव्हेंबर 1992 रोजी सफकमधल्याच हॉक्सन गावी एरिक लॉज आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. हाती आली रोमन सोन्याचांदीची नाणी आणि चमचे. त्यांनी खणणं थांबवून कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा जागच्या जागी उचलल्यामुळे तो लाकडी पेटीत होता, तिच्यात काय कुठे रचलं होतं, हे कळू शकलं. नाणी सुमारे 15,000 निघाली. हातोडाही सापडला आणि आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

2010 साली सॉमरसेटमधल्या फ्रूमजवळ डेव्ह क्रिस्प यांनीही हेच केलं. काही नाणी वर आली, मग मडक्याची कड दिसली, आणि त्यांनी हात आवरला. पुरातत्त्वज्ञांनी मडकं थराथराने रिकामं केलं. 52,503 नाणी निघाली. गंमत अशी की या नाण्यांवरच्या सम्राटांपैकी सर्वांत अलीकडच्या कॅरॉसियसची बहुतेक नाणी मडक्याच्या खालच्या अर्ध्यात होती. वर्षानुवर्षं बचत करत कुणी मडकं भरलं असतं तर ती वर असायला हवी होती. म्हणजे ते बहुधा एकाच वेळी भरलं गेलं. उत्साहाच्या भरात मडकं उपसलं असतं तर ही गोष्ट कायमची गेली असती.

1996च्या ट्रेझर अॅक्टनुसार 300 वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा एकत्र सापडलेली अशी दोन नाणी, 14 दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावी लागतात. संग्रहालयाने ती घेतली तर मोबदला सहसा शोधक आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. सुटं नाणं मात्र सहसा या कायद्यात बसत नाही. त्यासाठी 1997 पासून ऐच्छिक नोंदणीची योजना आहे, आणि तिच्यात आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत.

आपल्याकडे भारतात अशी नोंदणीची योजना नाही. 1878च्या कायद्याने जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यांच्या आवारात परवान्याशिवाय उकरणं हा गुन्हा आहे. हे बंधन मला योग्यच वाटतं. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 साली नहपान राजाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णी राजाने आपला ठसा उमटवला होता. ठेवा एकत्र अभ्यासता आला, म्हणून त्या विजयाचा इतका भक्कम पुरावा हाती आला. एकेक नाणं सराफाकडे गेलं असतं तर ते आटवलं गेलं असतं.

सफकच्या शेतात संध्याकाळी प्रत्येक खड्डा बुजवायचा, कचऱ्याची पिशवी आपल्यासोबत न्यायची आणि सापडलेलं सगळं शेतकऱ्याला दाखवायचं. नाणी घासायची नाहीत. घासल्याने वरचा थर आणि त्यासोबत अक्षरंही जातात. प्रत्येक वस्तू वेगळ्या पुडीत, पुडीवर जीपीएसचे आकडे. पुढे परगण्याचा नोंदणी अधिकारी तिचं वजन आणि फोटो घेऊन क्रमांक देतो आणि वस्तू परत करतो. नोंद कुणालाही पाहता येते. नेमकी जागा मात्र सर्वांना दाखवत नाहीत, कारण रात्री चोरून खणणारेही त्या नोंदी वाचतात.