आपल्या नावाखाली दुसऱ्याला जागा द्यायची का?

धंदा जरा नावारूपाला आला की ओळखीचे लोक विचारतात, "तुमच्या काउंटरवर आमचा माल ठेवू का?" जागा रिकामीच असते, मग हो म्हणायला काय जातं? हाच प्रश्न ओपन सोर्स जगातल्या संस्थांनाही पडतो.

उदाहरण घेऊ अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचं. ही १९९९ ची ना-नफा संस्था. तिच्या सॉफ्टवेअरभोवती इतर लोक छोटे-छोटे प्रकल्प करतात. त्यांनाही जागा द्यायची का? सर्व्हरवरची जागा स्वस्त असते हो. खरा खर्च पुढे आहे. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि लोक त्याला 'अपाचेचं' समजले तर नाव कुणाचं जाणार?

अपाचेने दोन रस्ते ठेवले. ज्यांना घरात यायचंय, त्यांच्यासाठी २००२ पासून 'इनक्युबेटर'. जागा मिळते, पण लायसन्स तपासून घ्यावं लागतं, संस्थेची पद्धत पाळावी लागते आणि 'अजून पूर्ण मान्यता नाही' असं स्पष्ट लिहावं लागतं. ज्यांना फक्त शेजारी राहायचंय, त्यांच्यासाठी २०१० मध्ये 'अपाचे एक्स्ट्राज' आलं. जागा गूगल कोडची, अपाचेचा अधिकृत शिक्का नाही.

दुसरा रस्ता सोपा, पण जागा तिसऱ्याची! मार्च २०१५ मध्ये गूगलने गूगल कोड बंद करण्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झालं. ज्यांना काम चालू ठेवायचं होतं, त्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. म्हणजे 'हो' आणि 'नाही', दोन्हीला किंमत आहे.

अपाचेने स्वतःच्या थांबलेल्या प्रकल्पांचीही सोय केलीय. त्याचं नाव 'अ‍ॅटिक', म्हणजे माळा. नवीन काम होत नाही, पण जुना कोड बघायला मिळतो.

आता तुमच्या दुकानाकडे वळू. हो म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारा:

१. माल खराब निघाला तर गिऱ्हाईक कुणाला फोन करेल? उत्तर 'मला' असेल, तर स्वतः तपासल्याशिवाय ठेवू नका.

२. हा माल पाहुण्याचा आहे, हे बघताक्षणी कळतं का? वेगळी पाटी, वेगळं बिल ठेवा.

३. उद्या थांबायचं ठरलं तर? मुदत किती, शिल्लक माल कुणाचा, गिऱ्हाइकांचे नंबर कुणाकडे राहणार, हे आधीच लिहून घ्या.

तिन्ही उत्तरं कागदावर आली तर खुशाल जागा द्या. नाही आली तर गोड बोलून नकार द्या. पाहुण्याच्या लोणच्याला बुरशी आली, तरी लोक पाटीवरचं तुमचंच नाव वाचतात.