परदेशातील श्रमछावणी आणि कामगाराची भाकरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी 'तरुणांच्या आंतरराष्ट्रीय सेवाछावण्या' हा विषय माझ्याकडे दिला, तेव्हा युनियनच्या कचेरीत हशा पिकला. ज्याचा जन्म मजुरी वाढवून मागण्यात गेला, त्याने मजुरी न घेता राबणाऱ्यांवर बोलायचे! मला मात्र यात विनोद दिसत नाही. मजुरीचा हिशेब ज्याला कळतो, त्यालाच मजुरी सोडण्याचा अर्थ कळण्याचा संभव अधिक. माझे शालेय शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा माझ्याकडून कोणी ठेवू नये.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, वेठ आणि श्रमदान. दोहोंतही हाती फावडे असते, दोहोंतही दिवसअखेर पदरात पैसा पडत नाही. रस्त्याने जाणाऱ्याने पाहिले तर त्याला फरक दिसायचा नाही. पण आपल्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने वेठीला बंदी घातली आहे, आणि श्रमदानाला आपण हारतुरे घालतो. मग फरक आहे कोठे? फावडे उचलायचे की नाही हे कोणी ठरवले, हा पहिला फरक. त्या घामाचा पैसा कोणाच्या खिशात गेला, हा दुसरा. तिसरा फरक सहसा कोणी विचारात घेत नाही, म्हणून मी तो आवर्जून सांगतो: त्या फुकट श्रमामुळे कोणा मजुराचा रोज बुडाला काय? परदेशातल्या छावणीला जाण्याचे पत्र ज्या तरुणाच्या हाती येते, त्याने हा तिसरा प्रश्न विसरू नये, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

या छावण्यांचा उगम पाहिला म्हणजे प्रश्न नीट समजतो. पिएर सेरेसोल नावाचे एक स्विस इंजिनिअर होते. त्यांचे वडील 1873 साली स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. म्हणजे गृहस्थ मोठ्या घरातले. त्या देशात जो सैन्यात चाकरी करीत नाही त्याला लष्करी कर द्यावा लागे. पहिले महायुद्ध चालू असताना सेरेसोल यांनी तो कर देण्याचे नाकारले आणि तुरुंगात गेले. युद्ध संपल्यावर शांततावादी मंडळींच्या परिषदा भरू लागल्या. तेथे ठराव होत, भाषणे होत. सेरेसोल यांना वाटले, बोलणे पुष्कळ झाले, आता हाताने काही करू या. 1920 च्या नोव्हेंबरात मूठभर माणसे घेऊन ते फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एस्न या खेड्यात गेले.

व्हर्दूनची लढाई 1916 साली फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत चालली आणि दोन्ही बाजूंची मिळून सुमारे 3 लाख माणसे तीत मेली. एस्न हे गाव या रणभूमीतच होते. घरांचे ढिगारे झालेले, शेतात तोफगोळ्यांचे खड्डे. अशा गावात ही मंडळी लाकडी खोपट्या उभारू लागली, रस्ते मोकळे करू लागली, खड्डे बुजवू लागली. त्यांच्यात स्विस होते, डच होते, एक इंग्रज होता, आणि जर्मनही होते! ज्यांच्या तोफांनी गाव पाडले त्यांच्याच देशाची पोरे विटा उचलीत होती. कित्येक महिने काम चालले. पण जर्मन माणसे तेथे असणे अधिकाऱ्यांना मानवेना, आणि 1921 च्या वसंतात छावणी उठली. पहिल्या छावणीचा शेवट असा झाला. कोणी याला अपयश म्हणेल. आमच्या धंद्यात पहिला संप बहुधा फसतोच, म्हणून मला त्याचे विशेष वाटत नाही.

पुढे 1924 साली स्वित्झर्लंडमध्ये हिमकडा कोसळलेल्या गावी छावणी झाली. 1928 साली ऱ्हाईन नदीच्या पुराने गाळात गेलेल्या लिख्टेनश्टाइनमध्ये सातशेहून अधिक स्वयंसेवकांनी शेतांतले दगडगोटे उपसले. या संस्थेला पुढे 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' हे नाव पडले. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारात भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल हिंदुस्थानात आले, राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेतले आणि सोबत्यांसह खेडी पुन्हा वसवण्याच्या कामाला लागले.

इथवर सगळे गोड आहे. पडलेले गाव, गाळात गेलेली शेते. तेथे कोणी मजुरी देणारा नव्हताच, म्हणून कोणाची मजुरी बुडण्याचाही प्रश्न नव्हता. खरी कसोटी लागली ती 1931 साली, वेल्समधल्या ब्रिनमाउर या गावी.

हे खाणकामगारांचे गाव. खाणी बंद पडलेल्या, कर्ती माणसे वर्षानुवर्षे बेकार. क्वेकर पंथाच्या मंडळींनी तेथे मदतीचे काम सुरू केले होते आणि त्या उन्हाळ्यात देशोदेशींचे तरुण येऊन गावातील बेकारांबरोबर खपले. उकिरड्याच्या जागी पोहण्याचा तलाव झाला, बाग झाली. पण गावातल्या कामगार पुढाऱ्यांपैकी अनेकांनी या बिनपगारी कामाला विरोध केला. त्यांचे म्हणणे सोपे होते. तलाव बांधायचा तर सरकारने पैसा काढावा आणि दराप्रमाणे मजुरी देऊन तो याच बेकारांकडून बांधून घ्यावा. कॉलेजातली पोरे फुकट खणू लागली की उद्या सरकार म्हणेल, आता मजुरी कशाला? चांगल्या कामाला विरोध करणारी कोती माणसे, असे त्यांना कोणी म्हटलेही असेल. मी त्यांना कोते म्हणणार नाही. फुकट हात दारात उभे असले की मालक विकतचे हात घेत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आणि त्यांची भीती वाऱ्यावरची नव्हती. त्याच 1931 साली जर्मनीत बेकार तरुणांसाठी 'ऐच्छिक श्रमसेवा' सुरू झाली. पुढे नाझींच्या हाती सत्ता आली आणि 1935 च्या जूनमध्ये कायदा करून तीच श्रमसेवा तरुणांवर सक्तीची केली गेली. सहा महिन्यांची वेठ! खांद्यावर बंदुकीप्रमाणे फावडे घेऊन कवायत करणाऱ्या पोरांची छायाचित्रे आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. 'ऐच्छिक' हा शब्द गळून पडायला चार वर्षे पुरली. फावडे तेच होते.

आता एक मोठे उदाहरण घेऊ, कारण त्यात दोन्ही बाजू एका जागी सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाने बॉस्नियाच्या डोंगराळ मुलखातून शामाट्स ते सारायेव्हो असा 242 किलोमीटरचा लोहमार्ग तरुणांच्या श्रमातून बांधला. 1 एप्रिल 1947 रोजी काम सुरू झाले आणि नोव्हेंबरच्या मध्यास गाडी धावली. दोन लाखांहून अधिक तरुण-तरुणी तेथे राबल्या. त्यांत साडेपाच हजारांहून अधिक परदेशी होते. यंत्रे थोडी. कुदळ, फावडे आणि एकचाकी ढकलगाडी, एवढ्यावर भराव उठले. दिवसा खणायचे आणि सायंकाळी ज्यांना अक्षर येत नाही त्यांना ते शिकवायचे, असा क्रम होता. 'आम्ही लोहमार्ग घडवतो, लोहमार्ग आम्हांला घडवतो,' ही त्यांची घोषणा.

ब्रिटिश तुकडीचा प्रमुख होता तेवीस वर्षांचा एडवर्ड थॉम्पसन. पुढे इतिहासकार म्हणून गाजलेले ई. पी. थॉम्पसन ते हेच. त्यांचे वडील बंगालमध्ये बांकुड्याच्या कॉलेजात शिकवीत आणि रवींद्रनाथांवर त्यांनी लिहिले होते, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट. त्या लोहमार्गावर थॉम्पसन यांनी 1948 साली एक पुस्तक संपादित केले. त्यांचे 1963 चे इंग्लिश कामगारवर्गावरील जाडजूड पुस्तक मी शब्दकोशाच्या आधाराने दोन पावसाळे वाचत होतो. सामान्य विणकऱ्याकडे, मोजे विणणाऱ्याकडे इतक्या आदराने पाहणारा माणूस तरुणपणी ढकलगाडी ओढून आलेला होता, हे मला पुष्कळ नंतर कळले. कळल्यावर आश्चर्य वाटले नाही.

पण लोहमार्गाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तो राज्यसत्तेने काढलेला कार्यक्रम होता. ज्या राज्यात एकच पक्ष असतो तेथे 'येतोस का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणे किती सोपे असते, हे ज्याचे त्याने ताडावे. परदेशाहून आलेला विद्यार्थी महिनाभर राबून घरी जाऊ शकत होता. तेथल्या पोराची गोष्ट निराळी. शिवाय एकत्र घाम गाळला की बंधुभाव कायमचा जडतो, असे जे व्यासपीठावरून सांगतात त्यांनी पुढचेही सांगावे. 1992 च्या एप्रिलपासून 1996 च्या फेब्रुवारीपर्यंत सारायेव्होला वेढा पडला होता. ज्यांच्या आईबापांनी वा आज्यांनी खांद्याला खांदा लावून तो भराव घातला, त्यांची मुलेनातवंडे एकमेकांवर गोळ्या झाडीत होती. फावड्याकडून आपण किती अपेक्षा करायची, यालाही सीमा आहे.

मग फावडे काय करू शकते? आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण देतो. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन वसवले, तेव्हा कुष्ठरोग्याच्या हातचे पाणीही लोक घेत नसत. सुरुवातीच्या त्या वर्षांत, 1950 नंतरच्या दशकात, याच सर्व्हिस सिव्हिलचे परदेशी तरुण तेथे येऊन राहिले आणि त्यांनी इमारती उभारल्या. तेथे कोणाचा रोज बुडाला? कोणाचाही नाही, कारण मजुरी देऊ केली तरी त्या काळी तेथे पाऊल टाकायला गवंडी धजावता ना. शेजारच्या गावांनी पाहिले की ही गोरी पोरे येथेच राहतात, येथेच खातात-पितात, आणि तरीही धडधाकट आहेत. शंभर व्याख्यानांनी जी भीती हलत नाही ती अशा पाहण्याने हलते, हे एका व्याख्यात्याला मान्य करावे लागते.

आजच्या छावण्यांचे स्वरूप साधारण असे असते. अशा संस्थांचा मेळ घालण्यासाठी 1948 साली युनेस्कोच्या पुढाकाराने एक समन्वय समिती स्थापन झाली, ती आजही आहे. दहा-वीस तरुण, दोन-तीन आठवडे. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा, जेवणराहणे यजमानाकडे. स्वयंपाक आणि भांडी पाळीपाळीने.

आमच्या युनियनमधला एक फिटर, मूळचा रत्नागिरीकडचा, काही वर्षांपूर्वी असे पत्र घेऊन आला. "अण्णा, पदरचे पैसे घालून परदेशी जायचे आणि फुकट राबायचे, हे कसले शहाणपण?" त्याच्या घरचेही हेच म्हणत होते. मी म्हटले, "काम काय आहे ते आधी विचार." दक्षिण फ्रान्समधल्या एका डोंगरी गावात शेताच्या पायऱ्यांचे दगडी बांध ढासळले होते, ते रचायचे होते. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. मी म्हटले, "अरे, हा तर आपला गडगा!" त्याने बिनपगारी रजा काढली, तिकिटासाठी सोसायटीचे कर्ज घेतले आणि तो गेला.

परत आल्यावर त्याने जे सांगितले त्यातले दोन प्रसंग देतो. पहिल्या तीन दिवसांत विद्यापीठातल्या मुलामुलींच्या तळहातांना फोड आले. याच्या हाताला काही झाले नाही. दगडाचे तोंड कोणते आणि बूड कोणते, हे लहानपणी आजोबांबरोबर गडगे घालताना तो शिकला होता. चौथ्या दिवशी त्या मुलांना दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले. बोलायला भाषा नव्हती; दगड उचलून फिरवून दाखवायचा, एवढेच. एक पदवीधर मुलगी त्याला सारखी विचारी, तू कोणत्या शाळेत हे शिकलास? त्याच्या आयुष्यात असा प्रश्न त्याला प्रथमच कोणी विचारला होता.

दुसरा प्रसंग माझ्या मतलबाचा आहे. कामावर देखरेख करायला गावचा एक वयस्क गवंडी होता. आमच्या पठ्ठ्याने खाणाखुणांनी आणि दुभाष्याकरवी त्याला विचारले, "आम्ही आलो नसतो तर हे काम तुम्हांला मिळाले असते का?" म्हातारा हसला. त्याला नगरपालिका पगार देत होती आणि छावणी नसती तर तेवढाही मिळाला नसता, कारण ते बांध वर्षानुवर्षे पडून होते आणि त्यांवर पैसा घालायला कोणी तयार नव्हते. मग आमच्या माणसाने निश्चिंतपणे दगड उचलला. असा प्रश्न विचारणारा त्या छावणीत तो एकटाच निघाला, याचा मला अभिमान आहे.

कारण सगळी पत्रे अशी नसतात. हल्ली सेवेच्या नावाखाली सहलींचा मोठा व्यापार चालतो. कंबोडिया आणि नेपाळ येथील अनाथालयांचे उदाहरण जगजाहीर आहे. तेथील बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप जिवंत असल्याचे आढळले. पाहुणे पैसे देऊन मुलांशी खेळायला येतात, म्हणून मुले घरातून आणून ठेवायची! मोठ्या क्रीडामेळाव्यांचेही तसेच. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकला सुमारे 70,000 स्वयंसेवक होते, पॅरिसच्या 2024 च्या ऑलिंपिकला सुमारे 45,000. प्रक्षेपणाचे हक्क अब्जावधींना विकले जातात, आणि दारावर उभा राहणारा मात्र गणवेश आणि जेवणावर. ज्याला हौस आहे त्याने जरूर जावे, पण त्याला श्रमदान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडेही एका गावी कंत्राटी सफाई कामगारांनी थकलेल्या पगारासाठी काम थांबवले, तेव्हा 'स्वच्छता सप्ताह' म्हणून शाळेतल्या मुलांच्या हाती झाडू देण्यात आले होते. मुलांचा दोष नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की त्या झाडूचा धनी फाटकाबाहेर बसला आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पुढाकाराने भरलेल्या श्रम-सांख्यिकीकारांच्या परिषदेने 2013 साली स्वयंसेवी कामाची व्याख्या केली, तीत दोन शब्द मुख्य आहेत: बिनमोबदला आणि बिनसक्ती. कामगाराच्या रोजाचा शब्द तीत नाही. तो आपणच घालून घ्यावा लागतो.

म्हणून ज्यांच्या घरी असे पत्र येईल त्यांनी पैसे भरण्याआधी उलट पत्र पाठवावे. काम कोणते, ते आजवर कोण करीत होते आणि त्याला काय मिळत होते, भरलेल्या पैशांतला किती भाग त्या गावात पोहोचतो, दिवसाचे तास किती, दगड पायावर पडला तर दवाखान्याचा खर्च कोण देणार, हे सगळे लेखी मागवावे. आमच्या फिटरला आठ दिवसांत दोन पानी उत्तर आले होते. विम्याच्या कंपनीचे नावही त्यात होते. ज्यांच्याकडून नुसते रंगीत चित्रांचे पुस्तक येईल, त्यांच्याकडे जाऊ नये.