बाळ उशिरा रडलं, तर लक्ष ठेवा

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी 2 ते 9 वर्षांची मुलं तपासली गेली. साधारण आठांपैकी एका मुलाच्या मेंदूच्या वाढीत काही ना काही अडचण आढळली: फिट येणं, ऐकू न येणं, स्वमग्नता, मतिमंदत्व.

घरी बाळंतपण, जन्मताच न रडणं, कमी वजन, खुरटलेली वाढ यांच्याशी या अडचणींचा संबंध दिसला. न रडलेल्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडलेला असू शकतो.

म्हणून मानोरा, मालेगाव तालुक्यांच्या खेड्यांतल्या आयाबायांनी एवढं पाहावं: चौथ्या महिन्यात बाळ मान धरतं का? नवव्यात आधाराशिवाय बसतं का? नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. बाळाला जरूर दाखवा. पहिल्या काही वर्षांतल्या उपचारांना मेंदू सर्वांत चांगला प्रतिसाद देतो.