आपदा मित्र : पथक येण्याआधीची मदत
पुरात पहिला हात शेजाऱ्याचाच मिळतो. त्यालाच तयार करण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना आणली. सुरुवात ३० पूरप्रवण जिल्ह्यांत, प्रत्येकी २०० स्वयंसेवक. पुढे ३५० जिल्हे, १ लाखांचं लक्ष्य. प्रशिक्षण १२ दिवसांचं.

सगळ्यात मोलाचा धडा पाण्यात थेट उडी न मारण्याचा. बुडणारा माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. म्हणून आधी काठी, दोर, नाहीतर घट्ट झाकणाचा रिकामा कॅन. बोटीत गर्दी होताना ‘आता बस’ म्हणण्याचा ठामपणाही हवा. २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले.

सराव नसेल तर शिकलेलं विसरतं. दर पावसाळ्याआधी उजळणी व्हायलाच हवी.

जिल्हा नियंत्रण कक्ष : १०७७