पेंढ्यातील साखर

भाताची झोडणी होऊन दाणे घरात आले, की मागे पेंढा उरतो. दाणा माणसाचा व पेंढा गुरांचा, अशी वाटणी पूर्वापार चालत आली आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र ह्या दोहोंत वाटते तेवढे अंतर नाही. दाण्यातील पिष्ट व पेंढ्यातील सेल्युलोज ही दोन्ही एकाच साखरेची, म्हणजे ग्लूकोजची, बनलेली असतात. फरक आहे तो साखरेचे रेणू एकमेकांस कसे जोडलेले आहेत एवढाच. पिष्टाची साखळी वेटोळी व सैल असते. लाळेनेही ती तुटू लागते. भाकरीचा घास बराच वेळ चावला असता गोड लागतो तो ह्यामुळेच. सेल्युलोजात प्रत्येक रेणू शेजाऱ्याच्या उलट फिरून बसतो. त्यामुळे साखळ्या सरळ राहतात व एकमेकींस इतक्या घट्ट बिलगतात, की पाण्यालाही आत शिरावयास वाव उरत नाही. गाईच्या पोटातील सूक्ष्म जंतूंना हे कोडे सुटते. माणूस मात्र पेंढ्याच्या गंजीजवळ उपाशी मरेल.

ही अडचण एवढ्यावरच थांबत नाही. ज्यांनी कोकणातील कुडाचे घर पाहिले असेल त्यांना पेंढ्याची रचना चटकन उमजेल. कुडाच्या भिंतीत कामट्या असतात, त्या बांधणारे बंद असतात आणि वर शेणामातीचे लिंपण असते. पेंढ्यात कामट्यांच्या जागी सेल्युलोज, बंदांच्या जागी हेमीसेल्युलोज हा निराळ्या साखरांचा पदार्थ, व लिंपणाच्या जागी लिग्निन असते. लिग्निनात साखर मुळीच नाही. पण ते फोडल्यावाचून आतील साखरेला हात लागत नाही.

फ्रान्समधील नान्सी येथील रसायनज्ञ आंरी ब्राकोनो ह्यांनी 1819 साली तागाच्या चिंध्यांवर तीव्र गंधकाम्लाचा प्रयोग करून साखर मिळविली. चिंध्यांची साखर होते हे ऐकून लोक चकित झाले असल्यास नवल नाही. साखळीतील प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू आत घेतला जातो. म्हणून 162 भाग सेल्युलोजापासून हिशेबाने 180 भाग ग्लूकोज मिळावयास हवे. येथे वजन घटत नाही, उलट वाढते!

मात्र तीव्र आम्ल महाग असते, भांडी खाते, आणि शेवटी साखरेपासून निराळे करावे लागते. म्हणून दुसरा मार्ग निघाला: आम्ल सौम्य, पण उष्णता प्रखर. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जॉर्जटाउन व फुलर्टन येथे लाकडाच्या भुशापासून ह्या रीतीने मद्यार्क काढीत. टनामागे सुमारे 20 ते 25 गॅलन मद्यार्क हाती येई. युद्ध संपल्यावर स्वस्त मळीपुढे हे कारखाने टिकले नाहीत.

उत्पन्न इतके तुटपुंजे का, हाच ह्या विषयाचा गाभा आहे. जे आम्ल साखर मोकळी करते तेच पुढे तिचा नाशही करते. पाक करताना गृहिणीचे लक्ष क्षणभर चुकले तर तो जळून कडू होतो. तशीच येथली गत. आधी सुटलेली साखर उरलेली सुटेपर्यंत थांबत नाही. तिच्यातील पाणी निघून जाऊन फुर्फुरालसारखे पदार्थ बनतात, आणि मद्यार्क करणाऱ्या यीस्टला ते विषासमान असतात. म्हणजे साखरही गेली आणि उरलीसुरली आंबविणेही कठीण झाले. जर्मनीत हाइनरिक शोलर ह्यांनी ह्यावर तोड काढली. ऊन आम्ल भुशातून झिरपत न्यावयाचे व साखर सुटेल तशी बाहेर काढून घ्यावयाची. उत्पन्न टनामागे 50 गॅलनांच्या घरात गेले.

खरा पालट झाला तो एका बुरशीमुळे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू व सुती सामान झपाट्याने कुजू लागले. ह्या नासाडीचा शोध घेताना जी बुरशी हाती लागली तिला पुढे एल्विन रीस ह्या शास्त्रज्ञाच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीसेई म्हणू लागले. सेल्युलोज तोडणारी एन्झाइमे ती विपुल स्रवते, आणि ती एन्झाइमे साखर जाळीत नाहीत. त्यामुळे आम्लाचे काम हलके झाले. साखर पाडणे आता त्याच्याकडे नाही. बंद सोडविणे व लिंपण खिळखिळे करणे एवढेच त्याच्याकडे उरले. शेकडा 1 च्या आसपास गंधकाम्ल व 160 ते 190 अंश सेंटिग्रेड उष्णता असता त्यास काही मिनिटे पुरतात. हेमीसेल्युलोज विरघळते आणि लिग्निन मऊ होऊन थेंबाथेंबांनी बाजूस गोळा होते. मग रांधा 50 अंशांपर्यंत निववून दोन-तीन दिवस एन्झाइमांच्या स्वाधीन करावयाचा. आम्लाऐवजी अल्क किंवा अमोनिया वापरण्याच्या रीतीही आहेत. त्यांत लिग्निनावर अधिक मारा होतो.

हिंदुस्थानात ह्या खटाटोपाला निराळेच निकडीचे कारण आहे. पंजाब व हरियाणात भात निघाल्यापासून गहू पेरीपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात शेत मोकळे करण्यासाठी पेंढा जाळला जातो, आणि त्याचा धूर दिल्लीपर्यंत पोहोचतो. इंडियन ऑइलच्या पानिपत येथील कारखान्याचे उद्घाटन 10 ऑगस्ट 2022 रोजी झाले. त्यास तंत्र पुरविले ते पुण्याच्या प्राज कंपनीने. वर्षाला 2 लाख टन पेंढ्यापासून 3 कोटी लिटर इथेनॉल काढण्याची योजना होती. म्हणजे टनामागे 150 लिटर. कोरड्या पेंढ्यातील सगळी साखर सुटून तिचा मद्यार्क झाला, तर कागदावर आकडा 400 लिटरांच्या आसपास जातो.

उरलेले जाते कोठे? काही साखर आत अडकून राहते, काही जळते. हेमीसेल्युलोजातील झायलोज ही साखर तर साध्या यीस्टला पचतच नाही; त्यासाठी यीस्टमध्ये बाहेरची जनुके घालावी लागतात. शिवाय पेंढा दोन-तीन आठवड्यांत गोळा करून वर्षभर कोरडा साठवावा लागतो, आणि त्याच्याबरोबर शेतातील माती येते. भाताच्या काडात मुळातच सिलिका पुष्कळ. असा हलका, फुगीर व खरखरीत माल वाफेच्या दाबाखालील भांड्यात अखंड ढकलीत राहावयाचे म्हणजे यंत्राचे मळसूत्र झिजते, मध्येच चोंदते, आणि ते साफ होईपर्यंत आम्ल, वाफ व एन्झाइमे ही सारी खोळंबून राहतात.