बाष्पनिग्रह आणि प्रिय कथा : कोयनेच्या खोऱ्यातील एक चिकित्सानुभव

सुख म्हणजे काय, हा प्रश्न सामान्यतः तत्त्वज्ञांचा समजला जातो. चरकाचार्यांनी मात्र तो वैद्यकाच्या उंबरठ्यावरच ठेवला आहे. आयुर्वेदाचे लक्षण सांगताना त्यांनी आयुष्याचे हित, अहित, सुख व दुःख असे चार भेद मानले आणि सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात त्यांचे वर्णन केले. सुश्रुताचार्यांनी स्वस्थाची व्याख्या करताना दोष, अग्नि, धातु व मलक्रिया यांच्या साम्याबरोबर आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही आवश्यक मानली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून अमलात असलेल्या व्याख्येतही शारीरिक, मानसिक व सामाजिक अशा तिन्ही अंगांच्या स्वास्थ्याचा अंतर्भाव आहे. हे सर्व आपण विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेले असते. परंतु दवाखान्यात नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांचे परीक्षण झाले, की रुग्णाच्या प्रसन्नतेची विचारपूस करण्यास सवड उरत नाही.

माझ्या चिकित्सेतील ही उणीव एका वृद्ध रुग्णेने माझ्या लक्षात आणून दिली. तिच्या अनुमतीने व तिची ओळख उघड होणार नाही अशा रीतीने तो वृत्तांत येथे देत आहे.

भूमी आणि माणसे

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगरचे नाव महाराष्ट्राला धरण, वीज आणि भूकंप या तीन कारणांनी ठाऊक आहे. १०३ मीटर उंचीचे धरण, त्यामागे पसरलेला शिवसागर जलाशय, वर्षाकाठी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस आणि चहूबाजूंनी सह्याद्रीच्या रांगा असे हे स्थान. १९६० च्या दशकाच्या आरंभी जलाशय भरू लागला आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली व हजारो घरे जमीनदोस्त झाली. जलाशयामुळे चालना मिळणाऱ्या भूकंपाचे उदाहरण म्हणून जगभरचे भूशास्त्रज्ञ आजही कोयनेचा उल्लेख करतात. धरणाच्या दक्षिणेकडील सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद पट्ट्यात त्यानंतरही हजारो लहानमोठे धक्के नोंदले गेले असून ते पूर्णपणे थांबलेले नाहीत.

माझे वडील प्रकल्पाच्या सेवेत होते. माझा जन्म भूकंपानंतर दहाबारा वर्षांनी झाला. भांडी वाजली की अंगणात धावायचे, हे आम्हा मुलांना पाढ्यांच्या आधी शिकविले गेले. धक्का ओसरला की मोठी माणसे काही न बोलता घरात परतत व स्त्रिया चुलीवरचे दूध पाहत. लहानपणी मला हे धैर्य वाटे. त्यातील काही भाग मौनाचा होता, हे वैद्य झाल्यावर, आणि तेही फार उशिरा कळले.

रुग्णवृत्तांत

रुग्णा स्त्री, वय ७१, वातप्रधान प्रकृती, शेतकरी कुटुंब. पतीच्या निधनास दोन वर्षे झालेली, मुलगा मुंबईस नोकरीला, घरी सून व नातवंडे. मुख्य तक्रारी : पहाटे चारच्या सुमारास जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, अन्नावर वासना नसणे, अधूनमधून भ्रम, छातीत दाटल्यासारखे होणे. तक्रारी सहा महिन्यांच्या असल्याचे सुनेने सांगितले.

“चारला डोळा उघडतो बगा. मग आढ्याकडं बगत पडायचं. दुसरं काय?” इतकेच आजी बोलल्या.

कराड येथे हृदयालेख व रक्ततपासण्या करून घेतल्या. त्यांत दोष आढळला नाही. निद्रानाश व वातप्रकोप असे निदान करून अश्वगंधा, ब्राह्मी व जटामांसी यांची योजना केली. तीळतेलाचा शिरोभ्यंग व पादाभ्यंग सांगितला. लघु, उष्ण, स्निग्ध आहार सांगितला. महिनाभरात मलप्रवृत्ती सुधारली, पायांची आग कमी झाली. चारची जाग, अरुची आणि छातीतील दाटणे मात्र तसेच राहिले. मी मात्रा वाढविली, अनुपान बदलले, घृतकल्पाचा विचार केला. तीन महिने असेच गेले.

एके दिवशी दवाखान्यात त्या बसल्या असतानाच लहानसा धक्का बसला. कपाटातील बरण्या किणकिणल्या व थांबल्या. मी सवयीने छताकडे पाहिले. आजींनी मात्र आपला डावा हात बाजूला पसरला, जणू शेजारी निजलेल्या कोणाला त्या चाचपत होत्या. बाकावर शेजारी कोणी नव्हते. हात तसाच राहिला.

“आजी, कोण होतं शेजारी?” मी विचारले.

बऱ्याच वेळाने त्या बोलू लागल्या. १९६७ साली त्या सतरा वर्षांच्या, लग्न होऊन जेमतेम सहा महिने झालेल्या. थोरल्या जाऊबाईंची चार वर्षांची मुलगी ‘काकी, काकी’ करीत त्यांच्याच कुशीत निजत असे. त्या पहाटे भिंत कोसळली. आजी वाचल्या, मुलगी गेली.

“जिचं लेकरू गेलं ती रडली. मी नवी नवरी. माज्या कुशीत व्हती ती, आन् मीच वाचले. मी कुठल्या तोंडानं रडू, बाई?”

पुढे पत्र्याच्या छपरीतील दिवस, नवे घर, शेती, स्वतःची चार बाळंतपणे. त्या मुलीचे नाव घरात पुन्हा कोणी घेतले नाही. पती हयात असता पहाटे जाग आली तर ते उठून चहा ठेवीत व गुरांकडे जात. विचारीत काही नसत, पण सोबत असे. ती सोबत गेल्यावर चारची वेळ एकटी उरली होती.

सातव्या अध्यायाकडे

त्या रात्री मी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘नवेगान्धारणीय’ अध्याय पुन्हा उघडला. अधारणीय वेगांमध्ये आचार्यांनी बाष्प, म्हणजे अश्रूंचा वेग स्पष्टपणे गणला आहे. तो अडविल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात, असे तेथे म्हटले आहे. माझ्या रुग्णपत्रिकेवर यांतील अरुची व भ्रम तीन महिने लिहिलेले होते आणि हृदयप्रदेशीची वेदनाही होती. वाग्भटाचार्यांनीही अश्रुवेगाचा असाच निर्देश केला आहे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी मनोवेग आवरावेत, असाही उपदेश आहे. वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटते. परंतु शोकाने आयुष्य व्यापून टाकू नये, ही एक गोष्ट, आणि डोळ्यांत आलेले पाणी परतवू नये, ही दुसरी. आपल्या समाजात पहिल्या उपदेशाचा अर्थ दुसऱ्याच्या निषेधासारखा लावला जातो. ‘रडू नकोस, धीर धर’ असे आपण सद्भावनेनेच म्हणतो. ज्याचे अश्रू अडले त्याचा शोक मात्र आत मुरत राहतो.

या वेगावरील चिकित्सा म्हणून आचार्यांनी निद्रा, मद्य आणि प्रिय कथा सांगितल्या आहेत. मद्याचा विचार आपण बाजूस ठेवू. प्रिय कथा, म्हणजे आवडत्या माणसांशी आवडत्या गोष्टी बोलणे, हे येथे औषध म्हणून आले आहे. आपण तो शब्द वाचून पुढे जातो, कारण त्याचे चूर्ण होत नाही आणि वटीही होत नाही.

पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहही या दृष्टीने मननीय आहे. रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला, शोषण करणाऱ्यांत शोकाला आणि प्रीणन करणाऱ्यांत हर्षाला तेथे अग्रस्थान दिले आहे. हर्ष हा धातूंना पोसणारा भाव आहे, हे मान्य केल्यावर रुग्णाच्या दिवसात हर्ष कोठून येतो, ही चौकशी निदानाचाच भाग ठरते.

चिकित्सा

प्रथम निद्रा. घरातील दूरदर्शन संच रात्री अकरापर्यंत चाले व आजी त्याच खोलीत झोपत. त्यांचे अंथरूण आतल्या खोलीत हलविले. सूर्यास्तानंतर लवकर भोजन, पादाभ्यंग आणि नऊला शयन असा क्रम लावला. नऊला निजणाऱ्यास चारची जाग म्हणजे सात तासांची झोप. वाग्भटाचार्यांनी स्वस्थाला उठण्यास सांगितलेला ब्राह्ममुहूर्तही याच सुमारास येतो. ‘जाग येईल ती येऊ द्या, पण आढ्याकडे बघत पडू नका, उठा, चूल पेटवा,’ असे मी सांगितले. जी वेळ रोग वाटत होती तिला एक काम मिळाले.

दुसरी योजना प्रिय कथेची. थोरल्या जाऊबाई शेजारच्याच घरात होत्या, वय ७८, त्यांनाही पहाटे झोप नसे. आजी संमती देईनात. “तिची जखम कशाला उकरू?” असे त्यांचे म्हणणे. मी आग्रह धरला नाही. पंधरा दिवसांनी त्या स्वतःच चहाचा तांब्या घेऊन जाऊबाईंच्या दाराशी गेल्या. दोघींत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पुढच्या खेपेस आजींनी आपणहून एवढेच सांगितले, “तिनंच पयलं नाव घेतलं. म्हनाली, पोरीला तुज्या हातची आंबील आवडायची. मग दोगीबी रडलो. उजाडस्तवर रडलो.”

त्यानंतर पहाटेचा चहा हा त्या दोघींचा नेम झाला. कार्तिकात दोघी मिळून काकड्याला जाऊ लागल्या. दोन महिन्यांत अन्नावरची वासना सुधारली, छातीतील दाटणे क्वचितच होऊ लागले. भ्रम काही प्रमाणात राहिला व वयोमानाने राहीलही. धक्का बसला की आजींचा हात आजही शेजारी जातो. दुःख संपले, असा माझा दावा नाही. त्या दुःखाच्या शेजारी सुखाला बसण्यापुरती जागा झाली, इतकेच म्हणता येईल.

मर्यादा

या अनुभवाच्या आनंदात दुसऱ्या एका रुग्णाविषयी सांगणे मी टाळले, तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. पुरुष, वय ४३, स्थिर नोकरी, नवे घर. “सगळं आहे, पण काहीच वाटत नाही,” ही त्याची तक्रार. त्याला मी सारस्वतारिष्ट, अभ्यंग, सद्वृत्त व प्रिय कथा यांच्या भरवशावर दोन महिने ठेवले. त्याचे वजन घटत गेले, कामात लक्ष लागेना आणि एके दिवशी त्याच्या पत्नीने दबक्या आवाजात सांगितले, की तो जगणे नकोसे झाल्याचे बोलतो. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत थेट विचारावयास हवा होता. त्याच दिवशी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांच्या औषधांनी तो सावरला व आपला उपचार पूरक म्हणून चालू राहिला.

सतत दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासीनता, कशातच रस नसणे, निराशा ही लक्षणे दिसली, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. जीवन संपविण्याचा विचार असेल, तर एक दिवसही थांबू नये. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक वैद्याच्या भिंतीवर असावा.

नित्याचे स्वस्थवृत्त

या दोन रुग्णांनंतर माझ्या रुग्णपत्रिकेत तीन प्रश्नांची भर पडली आहे. झोपण्याची वेळ कोणती? दिवसातून एकदा तरी कोणाबरोबर जेवता? मनातले कोणाला सांगता? पहिल्या दोन प्रश्नांत निद्रा व आहार हे दोन उपस्तंभ येतात. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हसतात, काही खिडकीबाहेर पाहतात. पुष्कळदा निदानाची सुरुवात तेथूनच होते.

आमच्या खोऱ्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. धरणामुळे विस्थापित झालेली कुटुंबे सातारा, सांगली, रायगड, ठाणे अशा अनेक जिल्ह्यांत विखुरली. तरुण पिढी मुंबई-पुण्यात आहे. वर्षाऋतूत, वातप्रकोपाच्या काळात, धुके आणि पाऊस माणसांना घराघरांत कोंडून घालतात. जुलै २०२१ मध्ये मिरगाव, आंबेघर व ढोकावळे येथे दरडी कोसळून कितीतरी घरांतली माणसे गेली. त्या घरांतील मुले आज शाळा-महाविद्यालयांत आहेत. त्यांच्याशी ती रात्र कोणी बोलले आहे काय, याची चौकशी आपण आज केली नाही, तर पन्नास वर्षांनी एखाद्या वैद्याला ती रुग्णपत्रिकेवर अरुची व भ्रम म्हणून वाचावी लागेल.

भूमी स्थिर करणे वैद्याच्या हाती नाही. वेळेवर झोप, सोबतीचे जेवण, अडविले न गेलेले अश्रू आणि रोज थोडी प्रिय कथा एवढे मात्र तो सुचवू शकतो. त्यासाठी औषधयोजना लिहून झाल्यावर लेखणी खाली ठेवून पाच मिनिटे ऐकावे लागते. मला ती पाच मिनिटे सापडण्यास तीन महिने लागले. व्यवसायबंधुभगिनींना ती पहिल्याच भेटीत सापडावीत, एवढ्याच हेतूने हे लिहिले आहे.